मासा कोणाचे संकट घेऊन मरतो?

घरातील मत्स्यालयात मासा मेला की ‘घरावरचे संकट त्याने स्वतःवर घेतले’ असे समाधान करून घेण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुजली आहे, की टाकी ईशान्येला ठेवावी की उत्तरेला यावर जेवढी चर्चा होते त्याच्या दशांशही चर्चा पाण्यातील विषारी अमोनियावर होत नाही. प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी प्रथमच मांडणाऱ्या अनेकांचा अनुभव असाच असतो. काच, दिवा, वाळू आणि मासे एकाच दिवशी घरी येतात आणि आठवडाभरात मासे तळाशी पडलेले दिसतात. हे संकट घरावर आलेले नसते, ते टाकीतच तयार झालेले असते; आणि ते कसे तयार होते हे शाळेतील रसायनशास्त्राच्या आधारे समजण्यासारखे आहे.

माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण ४५ टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांच्या वजनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे एक ग्रॅम खाद्याबरोबर जवळजवळ ७२ मिलिग्रॅम नायट्रोजन पाण्यात उतरतो. त्यातील काही भाग माशाच्या वाढीला लागतो आणि उरलेल्याचा बराचसा भाग कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो. खाद्य न खाता कुजले तर सगळाच. तो सगळा अमोनियात गेला असे धरले, तर ४० लिटरच्या टाकीत त्याचे प्रमाण लिटरमागे १.८ मिलिग्रॅम होते आणि २०० लिटरच्या टाकीत ०.३६ मिलिग्रॅम. ‘पहिली टाकी लहान घ्यावी, म्हणजे सांभाळायला सोपी’ हा समज किती उलटा आहे, हे या एका हिशेबावरून दिसते. पहिल्या टाकीसाठी मी १५० ते २०० लिटरच सुचवेन. अशी टाकी पाणी, काच, खडक आणि स्टँड धरून अडीचशे ते तीनशे किलोची होते, त्यामुळे ती तुळईजवळ, भिंतीलगत ठेवावी. दिशेचा विचार करायचाच असेल तर तो एवढाच, की तिच्यावर थेट ऊन येऊ नये.

खाऱ्या पाण्यात अमोनिया अधिक घातक का ठरतो, हेही पाहण्यासारखे आहे. पाण्यात तो दोन रूपांत असतो: विद्युतभार असलेला अमोनियम आयन आणि भाररहित मुक्त अमोनिया. भाररहित रेणू कल्ल्यांच्या पेशींतून सहज आत शिरतो, आयनाला ते कठीण जाते. सामू (पीएच) ७ असलेल्या गोड्या पाण्यात, २५ अंश तापमानाला, मुक्त रूपाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, तर सामू ८.२ असलेल्या समुद्राच्या पाण्यात तो सहा-सात टक्क्यांवर जातो. गोड्या पाण्यात मासा जी चूक सोसून जातो, तीच चूक येथे त्याच्या जिवावर बेतते.

हा अमोनिया नाहीसा करतात ते सूक्ष्मजीव, आणि माझ्या मते या छंदातील सर्वांत सुंदर भाग तोच आहे. एक गट अमोनियाचे ऑक्सिडीकरण करून नायट्राइट बनवतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट करतो, आणि या दोन अभिक्रियांतून मिळणाऱ्या तुटपुंज्या ऊर्जेवर हे जीव पाण्यातील कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचे शरीर घडवतात. पाठ्यपुस्तकांत त्यांची नावे नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर अशी असत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मत्स्यालयांच्या गाळण्यांतील डीएनए तपासला गेला, तेव्हा नायट्रोबॅक्टर जवळजवळ आढळलाच नाही. दुसरे काम नायट्रोस्पायरा नावाचे जीवाणू करीत होते. त्याहून मोठा धक्का २००५ साली बसला. अमेरिकेतील सिअॅटल शहराच्या मत्स्यालयात, उष्ण कटिबंधीय सागरी टाकीच्या तळाच्या खडीतून, मार्टिन क्योनेके, डेव्हिड स्टाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमोनियावर जगणारा असा एक सूक्ष्मजीव वेगळा केला जो जीवाणूच नव्हता, तर आर्किया या निराळ्याच कुळातला होता. नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हे त्याचे नाव. लिटरमागे दोन-चार मायक्रोग्रॅम इतक्या अत्यल्प अमोनियावरही तो तग धरतो, आणि त्याचे भाईबंद जगातील सर्व महासागरांत प्रचंड संख्येने आहेत, हे नंतर स्पष्ट झाले. महासागराच्या नायट्रोजनचक्रातील हा मोठा कामकरी प्रथम हाती लागला तो माशांच्या टाकीत.

या जीवांची वाढ मात्र संथ असते. अनुकूल स्थितीत आतड्यातला ई. कोलाय हा जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना अर्ध्या दिवसापासून दीड दिवसापर्यंत वेळ लागतो. म्हणूनच नव्या टाकीत प्रथम अमोनिया वाढतो, तो उतरू लागल्यावर नायट्राइट वाढते, मग नायट्रेट दिसते, आणि या सगळ्याला चार ते सहा, कधी आठ आठवडे जातात. बाजारातील काही बाटल्यांत खरोखर जिवंत नायट्रीकारक, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट करणारे हेच जीव, असतात आणि त्यांनी हा काळ कमी होतो. परंतु ‘आज बाटली ओता, आजच टाकी भरून मासे सोडा’ या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये, कारण पेशीविभाजनाचा वेग जाहिरातीने बदलत नाही.

उपकरणांची निवड याच दृष्टीने केली म्हणजे सोपी होते. नायट्रीकारकांना पृष्ठभाग हवा, म्हणून सच्छिद्र खडक हवा. त्यांना ऑक्सिजन हवा, म्हणून तासाला टाकीच्या किमान वीसपट पाणी खेळवणारे पंप हवेत, आणि वीज गेल्यावर चालणारा बॅटरीवरचा हवेचा पंप हवाच. खडकाच्या आतल्या, ऑक्सिजन न पोहोचणाऱ्या छिद्रांत आणखी एक गट नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतो. स्किमर हे उपकरण बुडबुड्यांच्या फेसाबरोबर सेंद्रिय द्रव्ये कुजण्यापूर्वीच बाहेर काढते.

मीठ खास सागरी मिश्रणाचेच घ्यावे. २०० लिटरला सुमारे सात किलो लागते. मिठागरातले खडे मीठ चालेल का, असे अनेकजण विचारतात. चालणार नाही. मिठागरात पाणी आटताना कॅल्शियमची संयुगे आधीच खाली बसतात, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियम बहुतांशी उरलेल्या कडवट द्रावणात राहते. खडे मीठ हा वाळवलेला समुद्र नव्हे, तर त्यातला एक घटक आहे. गोडे पाणीही आरओ-डीआय यंत्राचे (पडद्यातून गाळून आयनही काढून टाकलेले), क्षार जवळजवळ शून्य असलेले हवे, कारण नळाच्या पाण्यातील तांब्याचा अंशही प्रवाळांना मारक ठरतो.

तापमान २५-२६ अंशांवर ठेवणे ही आपल्याकडची सर्वांत खर्चिक बाब आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन गेले की २०० लिटर पाणी सुमारे ३ अंशांनी थंड होऊ शकते, म्हणून विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात पृष्ठभागावर सोडलेला पंखाही बरेच काम करतो. कोकणाच्या दमट हवेत तो निष्प्रभ ठरतो आणि पाणी थंड करणारा चिलर घ्यावाच लागतो. उडालेल्या पाण्याची भर मात्र गोड्या पाण्यानेच घालावी, कारण वाफेबरोबर मीठ जात नाही.

मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा किंवा प्रवाळखडक उचलून आणण्याचा विचारही करू नये. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे (पंख्याच्या आकाराचे प्रवाळ) २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले, आणि सागरी घोड्यांनाही त्या कायद्याचे संरक्षण आहे. कोणताही प्रवाळ विकत घेण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी आणि विक्रेत्याकडून कागदपत्रे मागावीत. मासे समुद्रातून पकडलेले नव्हे, तर हॅचरीत जन्मलेले घ्यावेत. क्लाउनफिशचे प्रजनन भारतात होते, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही ते केले जाते.

टाकी तयार झाली की नाही, हे ठरवण्याची कसोटी सोपी आहे. माशांऐवजी शुद्ध अमोनियम क्लोराइडचे द्रावण लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया होईल इतके घालावे आणि २४ तासांनी चाचणी संचाने पाणी तपासावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तर पाण्याचा मोठा भाग बदलून क्लाउनफिशची एकच जोडी सोडावी. त्यानंतरही दोन आठवडे खाद्य चिमूटभर ठेवून अमोनिया रोज मोजावा, आणि पुढचा मासा तो सतत शून्य राहिल्यावरच आणावा.