निर्बंध लागले म्हणजे बँक बुडाली असं नाही

नागपूरच्या इतवारीत एखाद्या सहकारी बँकेच्या शटरवर कागद चिकटला की चहा थंड व्हायच्या आत बातमी महालात पोचते, “ब्यांक बुडाली नं भाऊ!” कागद शेवटपर्यंत कोणी वाचत नाही. वाचला तर रिझर्व्ह बँकेचं ठरलेलं वाक्य सापडतं : या निर्देशांचा अर्थ परवाना रद्द झाला असा काढू नये.

हे निर्देश, म्हणजे आपण म्हणतो ते निर्बंध, बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली येतात. बँक जिवंत असते, हात बांधलेले असतात. परवानगीशिवाय नवं कर्ज नाही, नव्या ठेवी नाहीत. खातेदाराला मिळाली तर ठरावीक रक्कमच मिळते. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेत ती सुरुवातीला १,००० रुपये होती. कर्जाचे हप्ते मात्र भरावेच लागतात.

हात बांधायचे कशाला? बुडायला टेकलेल्या बँकेचं स्वतःचं भांडवल जवळपास संपलेलं असतं. मोठा डाव लागला तर संचालकांची खुर्ची वाचते, फसला तर पैसा ठेवीदारांचा आणि ठेव विमा महामंडळाचा जातो. मग अशी बँक जास्त व्याजाचं आमिष दाखवून ठेवी ओढते आणि इतरांनी परत पाठवलेल्या कर्जदाराला देते. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला या महामंडळाचा विमा आहे, बँक बुडाली तरी तेवढे पैसे मिळतात, म्हणून ठेवीदारही खोलात जात नाही. गंमत म्हणजे या विम्याचा हप्ता शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला १२ पैसे होता, आणि तो जपून चालणाऱ्या बँकेला नि बेफिकीर बँकेला सारखाच! जोखमीप्रमाणे हप्ता घ्यायचं रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं ते थेट ऑक्टोबर २०२५ मध्ये. माझ्या मते फारच उशिरा.

परवाना रद्द होणं हा शेवट. बँकिंगचा व्यवसाय थांबतो, सहकार निबंधकांना अवसायक नेमायला सांगितलं जातं. बुडीत कर्जं वसूल करायची, मालमत्ता विकायची, देणी फेडायची, हे त्याचं काम. पाच लाखांवरची ठेव असणाऱ्याने या वसुलीकडे डोळे लावून बसायचं.

निर्बंधातून वाटा तीन फुटतात. निर्बंध उठतात, बँक दुसरीत विलीन होते किंवा परवाना जातो. पीएमसी जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत गेली. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले, परवाना गेला २०२२ मध्ये. मधली नऊ वर्षं ठेवीदार लटकलेले.

लोकांचा घोळ होतो तो विम्यामुळे. ही विम्याची सोय आली १९६२ मध्ये, आणि तिच्यामागे आपल्या वऱ्हाडातलीच एक बँक होती. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर सरकार हललं. तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती. पाच लाख झाली फेब्रुवारी २०२० मध्ये. पूर्वी हे पैसे सहसा परवाना गेल्यावरच मिळत. सप्टेंबर २०२१ पासून नुसते निर्बंध लागले तरी साधारण ९० दिवसांत मिळतात, मात्र त्यासाठी बँकेत अर्ज आणि कागदपत्रं द्यावी लागतात. पैसे हातात पडले की माणूस म्हणतो, “पाहा, बुडालीच!” बँक मात्र तेव्हाही चालू असू शकते.

पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. एकाच बँकेच्या सीताबर्डी आणि धरमपेठ, दोन शाखांत तुमच्या एकट्याच्या नावावर ठेवी असतील तर त्यांचीही बेरीज होते. भागभांडवलाला, म्हणजे शेअर्सना, विमा नाही.

आणि पतसंस्थेला तर यातलं काहीच लागू नाही, ना रिझर्व्ह बँकेचे निर्बंध, ना हा विमा. तिथे पैसा अडकला तर आरबीआय चौकात जाऊन फायदा नाही. दार ठोठवायचं ते सहकार खात्याचं.