अपील की ज्युडिशियल रिव्ह्यू? इंग्लंडमध्ये निर्णयाविरुद्ध दाद मागण्याच्या दोन वाटा

मँचेस्टरला वैद्यकीय न्यायाधिकरणापुढे सुनावणी होते आणि डॉक्टरचं नाव डॉक्टरांच्या नोंदणी रजिस्टरवरून काढण्याचा निर्णय येतो. घरात पहिलं वाक्य निघतं, ‘हायकोर्टात जाऊ.’ हायकोर्टात जायच्या वाटा मात्र दोन आहेत. एक अपील, दुसरी ज्युडिशियल रिव्ह्यू. घोळ होतो त्याला कारणही आहे. अशी दोन्ही प्रकरणं हायकोर्टाच्या किंग्ज बेंच डिव्हिजन या विभागातल्या त्याच ॲडमिनिस्ट्रेटिव्ह कोर्टात चालतात, बहुधा त्याच न्यायाधीशांपुढे, आणि बॅरिस्टरही (कोर्टात बाजू मांडणारा वकील) बऱ्याचदा तोच असतो.

अपिलात म्हणणं असतं की निर्णय चुकला. ज्युडिशियल रिव्ह्यूत म्हणणं असतं की निर्णय बेकायदा पद्धतीने घेतला: अधिकारच नव्हता, बाजू ऐकली नाही, किंवा कोणताही समंजस अधिकारी घेणार नाही असा निर्णय घेतला. न्यायाधीश लॉर्ड डिप्लॉक यांनी 1984 साली जीसीएचक्यू या ब्रिटिश गुप्तवार्ता संस्थेच्या खटल्यात हीच तीन मुख्य कारणं मांडली आणि बॅरिस्टर आजही मुद्दे साधारण त्याच धर्तीवर लिहितात.

इथे एक चकवा आहे. ‘कार्यपद्धतीत चूक झाली, म्हणजे ज्युडिशियल रिव्ह्यू’ असं अनेक जण धरून चालतात. पण कार्यपद्धतीतल्या गंभीर चुकीमुळे अन्याय झाला, हे अपिलाचंही कारण होऊ शकतं. आणि कायद्याने अपिलाची सोय दिली असेल, तर ती सोडून आलेल्याला रिव्ह्यूची परवानगी सहसा मिळत नाही. रिव्ह्यू हा शेवटचा उपाय मानला जातो. म्हणून आधी पाहायचं ते अपील आहे का. मुद्दा कसला, हे नंतर.

मुदतीत सगळ्यात जास्त नुकसान होतं. मेडिकल ॲक्ट 1983 च्या कलम 40 खाली डॉक्टरला अपिलासाठी 28 दिवस मिळतात, नर्सलाही तेवढेच. ते निर्णयाची नोटीस बजावल्यापासून मोजतात. ज्युडिशियल रिव्ह्यूचे ‘तीन महिने’ कुठेतरी वाचलेले असतात, त्या भरवशावर माणूस निवांत राहतो आणि एकोणतिसाव्या दिवशी वकील शोधायला निघतो. 2013 मध्ये दोन नर्सेसच्या प्रकरणात कोर्ट ऑफ अपीलने (हायकोर्टाच्या वरचं कोर्ट) स्पष्ट केलं की ही मुदत अगदी अपवादात्मक परिस्थितीतच वाढते. ‘सल्ला उशिरा मिळाला’ एवढ्यावर ती वाढेल अशी आशा धरू नये.

त्या तीन महिन्यांचाही अर्थ नीट घ्यावा. नियम म्हणतो की अर्ज तत्परतेने करा आणि काहीही झालं तरी तीन महिन्यांच्या आत करा. म्हणजे नव्वदाव्या दिवसाच्या आसपास दाखल केलेला अर्जही उशिराचा ठरू शकतो. बांधकाम परवानगीच्या निर्णयांना तर सहाच आठवडे असतात. दोन्ही पक्ष राजी असले तरी आपसांत मुदत वाढवता येत नाही. मुंबई हायकोर्टात अनुच्छेद 226 खाली रिट करणाऱ्याला हे जाचक वाटेल, कारण तिथे ठरावीक मुदत नसते, विलंबाचं कारण पटवावं लागतं. रिटचं मूळ मात्र इंग्लंडचंच. सर्शियोररी (निर्णय रद्द करणारं रिट) आणि मँडेमसला (कर्तव्य पार पाडायला लावणारं रिट) तिथे आता क्वॅशिंग ऑर्डर आणि मँडेटरी ऑर्डर म्हणतात.

रिव्ह्यूची पहिली पायरी म्हणजे दाव्याआधीचं पत्र. उत्तरासाठी साधारण 14 दिवस देतात, पण त्या काळात मुदत थांबत नाही. मग एन461 फॉर्म आणि त्यासोबत वस्तुस्थिती व कारणांचं निवेदन, जे बॅरिस्टर लिहितो. त्याला 40 पानांची मर्यादा आहे. कोर्टाने दावा जारी केल्यापासून 7 दिवसांत तो समोरच्याला बजावायचा आणि त्याने 21 दिवसांत उत्तर दाखल करायचं. परवानगी द्यायची की नाही हे न्यायाधीश आधी फक्त कागद पाहून ठरवतात. नाकारली तर 7 दिवसांत तोंडी सुनावणी मागता येते. ‘पूर्णपणे तथ्यहीन’ असा शेरा पडला तर तीही नाही. डॉक्टर-नर्ससारख्या व्यावसायिकाच्या अपिलाला हा परवानगीचा टप्पाच नसतो.

मिळणारा हुकूमही वेगळा. अपिलात कोर्ट रजिस्टरवरून नाव काढण्याऐवजी निलंबन असा बदल स्वतः करू शकतं. रिव्ह्यूत निर्णय रद्द होऊन सहसा त्याच संस्थेकडे परत जातो आणि ती कायदेशीर मार्गाने पुन्हा तोच निर्णय घेऊ शकते. त्यात 2015 पासून आणखी एक अडसर आला: चूक झाली नसती तरी परिणाम फारसा वेगळा नसता याची दाट शक्यता दिसली, तर कोर्टाने सहसा दिलासा नाकारायचा असतो.

फौजदारीत गुंता वाढतो. मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या (सगळ्यात खालचं फौजदारी कोर्ट) शिक्षेविरुद्ध त्याच्या वरच्या क्राउन कोर्टात कामकाजाच्या 15 दिवसांत अपील करता येतं. तिथे संपूर्ण फेरसुनावणी होते, साक्षीपुरावा पहिल्यापासून. पण शिक्षा मॅजिस्ट्रेटच्या कमाल अधिकारापर्यंत वाढूही शकते. फक्त कायद्याचा मुद्दा असेल तर 21 दिवसांत ‘केस स्टेटेड’ मागायची, म्हणजे मॅजिस्ट्रेटने तो मुद्दा लिहून हायकोर्टाच्या मतासाठी द्यायचा. हे 21 दिवस एका दिवसानेही वाढत नाहीत आणि तो अर्ज केला की त्या निर्णयाविरुद्ध क्राउन कोर्टातल्या अपिलाचा हक्क जातो. मॅजिस्ट्रेटने पक्षपात केला किंवा बाजूच मांडू दिली नाही, अशा तक्रारीला रिव्ह्यू योग्य ठरू शकतो. ज्युरीने क्राउन कोर्टात दोषी ठरवलं असेल, तर रिव्ह्यूचं दार बंदच: 28 दिवसांत कोर्ट ऑफ अपीलकडे परवानगी मागायची. उलट, सरकारी अभियोक्त्यांनी खटला न चालवण्याचा निर्णय घेतला, तर पीडिताला अपील नाही. आधी पीडितांसाठीच्या योजनेत फेरविचार मागायचा आणि मग रिव्ह्यू.

बॅरिस्टरकडे कागद पाठवताना निर्णयासोबत आलेलं पत्र आणि ईमेल तारखेसकट पाठवा. पत्र हातात पडल्याची आणि कायद्याने बजावणी झाल्याची तारीख एकच असेल असं नाही.