पावती फाडायची की कोर्टात जायचं, हे ठरवायच्या आधीचा थोडा इतिहास

आमच्याकडं कोल्हापुरात अजून "चलन झालं" कोण म्हणत नाही, "पावती फाडली" असंच म्हणतात, जरी आता पावतीही नसते आणि फाडायलाही काही नसतं, मोबाईलवर नुसता मेसेज येतो. तावडे हॉटेलजवळ नाहीतर दसरा चौकात गाडी अडवली की पहिलं काम म्हणजे ओळखीच्याला फोन, तो नाही लागला तर पैसे भरायचे आणि विषय संपवायचा. विषय संपतो असं आपल्याला वाटतं. खरं तर कायद्याच्या भाषेत तिथं तुम्ही एक तडजोड करत असता, आणि तडजोड हा शब्द मी उगाच वापरत नाहीये, कायद्यातलाच आहे, त्याच्याकडं पुढं येतोच.

मागं माझ्या मामेभावाला पुण्यातल्या सिग्नल तोडल्याचं चलन आलं आणि हा पठ्ठ्या त्या दिवशी गडहिंग्लजला लग्नात जेवत होता. जुनी बाईक दोन वर्षांपूर्वी विकलेली, टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचा फॉर्म) सह्या करून दिलेल्या, पण घेणाऱ्यानं नावावर करूनच घेतली नव्हती. त्या निमित्तानं मी हा सगळा कायदा मुळापासून वाचायला लागलो.

तर सुरुवात अशी की गाड्या यायच्या आधीच गाडीचा गुन्हा आपल्याकडं होता. 1860च्या भारतीय दंड संहितेत कलम 279 म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणं, ते टांगे-बग्ग्यांसाठी लिहिलेलं. आणि निष्काळजीपणानं कुणाचा जीव गेला तर जे 304अ लागायचं ते 1870 साली घातलं. पुढं दीडशे वर्षं ट्रकपासून स्कूटीपर्यंत सगळ्यांना तीच दोन कलमं लावली. मोटारी आल्यावर आधी प्रांतानं प्रांतानं आपापले नियम केले आणि मग 1914 साली सगळ्या ब्रिटिश मुलखासाठी एक छोटासा मोटार कायदा आला. नंबर लावा, लायसन्स घ्या, अपघात झाला तर थांबा, एवढाच त्याचा जीव. मोटारच मुळात राजेरजवाडे, कलेक्टर आणि एखाददुसऱ्या शेठजीकडं, मग कायदा मोठा कशाला पाहिजे.

मोठा कायदा 1939 साली आला. परमिट, बसगाड्या, वेगाची मर्यादा असं सगळं त्यात होतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थर्ड पार्टी विमा, तो मात्र लगेच नाही तर 1 जुलै 1946पासून सक्तीचा झाला. पण हा कायदाही ब्रिटिश हिंदुस्थानापुरता, आणि कोल्हापूर त्यात नव्हतं, आपलं संस्थान वेगळं. 1 मार्च 1949ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि मग इथल्या रस्त्यावर मुंबईचा कायदा चालायला लागला. कधी कधी वाटतं, आपल्यातला "आम्हाला कोण विचारणार" हा जो बाणा आहे ना, त्याचं मूळ तिथंच कुठंतरी असावं (हे माझं मत, इतिहासकारांनी अंगावर येऊ नये).

1956च्या दुरुस्तीनं अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी वेगळं ट्रिब्युनल काढायची सोय झाली. त्याच्याआधी माणूस मेला तर घरच्यांनी दिवाणी कोर्टात कोर्ट फी भरून दावा लावायचा, म्हणजे कमावता गेला आणि वर फी. 1982ला चूक कुणाची हे न बघता ठराविक रक्कम द्यायची तरतूद आली. मग 1988चा कायदा, 1 जुलै 1989पासून लागू, आज आपण ज्याच्याखाली गाडी चालवतो तो हाच. कोल्हापूरची एमएच 09 ही पाटीसुद्धा याच काळातली.

आता त्या तडजोडीबद्दल. 1988च्या कायद्यात कलम 200 आहे. काही ठराविक गुन्हे असे आहेत की जे राज्य सरकारनं नेमलेला अधिकारी सरकारनं ठरवलेली रक्कम घेऊन जागच्या जागी मिटवू शकतो. म्हणजे तुम्ही पोलिसाला जे भरता तो खरं तर कोर्टानं केलेला दंड नाहीच, ते तडजोड शुल्क. दंड करायचा अधिकार मॅजिस्ट्रेटचा. आणि तडजोड म्हटलं की दोन बाजू आल्या, तुम्ही नको म्हणू शकता, माझं चुकलेलं नाही, मी कोर्टात सांगतो असं म्हणू शकता. हा पर्याय पहिल्यापासून कायद्यात आहे पण चौकात तो कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही कारण कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा पाचशे रुपये परवडले हा साधा हिशेब.

हा हिशेब 2019पर्यंत बरोबर होता. त्या वर्षीच्या दुरुस्तीनं, जी 1 सप्टेंबर 2019पासून लागू झाली, दोन गोष्टी केल्या. एक सगळ्यांना माहिती आहे, दंड वाढले. लायसन्स नसताना गाडी चालवली तर आधी 500 होते ते 5000, दारू पिऊन चालवली तर पहिल्या वेळी 2000चे 10000 किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अल्पवयीन पोराच्या हातात गाडी दिली तर पालकाला नाहीतर मालकाला 25000 आणि तीन वर्षांपर्यंत कैद, वर गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. दुसरी गोष्ट मात्र गुपचूप आली. कलम 200मध्येच एक ओळ घातली की तडजोड झाली तरी तो गुन्हा आधी केलेला गुन्हा म्हणून धरला जाईल. म्हणजे आज मुकाट्यानं भरून टाकलेलं चलन पुढच्या वेळी "दुसऱ्यांदा केलं" म्हणून तुमच्यावर उलटू शकतं. हेल्मेट नाही, ट्रिपल सीट, यात पैसे भरून झाल्यावरही लायसन्स तीन महिने निलंबनाला पाठवता येतं. आपली माणसं अजून जुन्याच हिशेबानं पाचशे देऊन मोकळी होतात.

आणि दारू पिऊन चालवण्याला तडजोड नाहीच. शंभर मिली रक्तात 30 मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की प्रकरण कोर्टात. तिथं ओळखीचा कितीही मोठा असू दे.

2019ला महाराष्ट्रात गंमत झाली. त्यावेळचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी गडकरींना पत्र लिहिलं की दंड लई झालेत, कमी करा, आणि राज्यानं नवे दर लावलेच नाहीत, निवडणूक तोंडावर होती हे वेगळं सांगायला नको. कर्नाटकानं मात्र सप्टेंबरच्या सुरुवातीलाच लावले. आता कोल्हापूरवाल्याची परिस्थिती बघा, कागल सोडून दूधगंगा ओलांडली की कोगनोळी, म्हणजे कर्नाटक, निपाणीला बाजाराला जाणारा माणूस अर्ध्या तासात दुसऱ्याच दंडाच्या राज्यात. आमच्या गल्लीतली पोरं सीमेपर्यंत हेल्मेट हँडलला अडकवायची आणि तिथं डोक्यावर चढवायची, बॅरिकेड दिसलं की टोपी सरळ करावी तसं. पुढं ओरड झाल्यावर कर्नाटकानंही त्याच महिन्यात दर उतरवले, आणि आपल्याकडं वाढीव दर लागायला डिसेंबर 2021 उजाडला.

कॅमेऱ्याचं चलन हे आणखी नवीन प्रकरण. 2019ला राज्यभर एकच ई-चलन पद्धत आली, म्हणजे पुण्यातला गुन्हा कोल्हापुरात दिसायला लागला. ऑगस्ट 2021च्या केंद्राच्या नियमात आलं की कॅमेऱ्यानं पकडलं तर पंधरा दिवसांत नोटीस पाठवायची. आणि याच्याही आधीपासून कलम 209 आहे, अतिवेग आणि धोकादायक ड्रायव्हिंग या दोन गुन्ह्यांत जागेवरच ताकीद दिली असावी, नाहीतर चौदा दिवसांत नोटीस, नाहीतर अठ्ठावीस दिवसांत समन्स. ही चौदा दिवसांची कल्पना इंग्लंडच्या 1930च्या रोड ट्रॅफिक कायद्यातली. कारण साधं, महिन्याभरानं विचारलं की अमुक दिवशी अमुक पुलावर किती स्पीडनं होतास, तर कुणाला आठवणार. शिवाय ज्या गुन्ह्याला नुसता दंडच आहे त्याची दखल कोर्टानं सहा महिन्यांत घ्यायची असते, ही मुदत आधी सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्यात होती, आता नवीन नागरिक सुरक्षा संहितेत. हे मुद्दे वकील पाच मिनिटांत सांगतो. अर्थात अपवाद असतात, त्यामुळं इथलं वाचून थेट साहेबांशी हुज्जत घालू नका.

मग वकील का कुणी गाठत नाही? याचंही एक कारण नियमातच आहे. 1961च्या वकिलांच्या कायद्याखाली बार कौन्सिलचे जे नियम आहेत त्यात वकिलाला जाहिरात करायला मनाई आहे, 2008पासून फक्त वेबसाईटवर नाव-पत्ता-पात्रता एवढं टाकायची सवलत मिळाली. त्यामुळं आरटीओच्या बाहेर ताराबाई पार्कात एजंटाचा बोर्ड दिसतो, झेरॉक्सवाल्याचा दिसतो, पण "ड्रायव्हिंगच्या केसेस घेतो" असा वकिलाचा बोर्ड दिसणार नाही. साहजिकच आपलं कायदेशीर सल्ला केंद्र म्हणजे एजंट. तो फॉर्म भरण्यात हुशार असतो, पण कोर्टात तुमच्या वतीनं उभा राहणार नाही.

फुकट सल्ल्याची सोय खरं तर जुनी आहे. 1976ला राज्यघटनेत मोफत कायदेशीर मदतीचं कलम 39अ आलं, त्यावरून 1987चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, तो प्रत्यक्षात 1995ला लागू झाला. जिल्हा कोर्टात त्याचं ऑफिस असतं, आपल्याकडं कसबा बावडा रोडच्या न्यायसंकुलात. बायका, अनुसूचित जाती-जमातीतले, दिव्यांग, कोठडीत असलेले यांना उत्पन्न न बघता वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा. फोन 15100. लोकअदालतीत चलनं मिटवायचं प्रमाण वाढलंय, पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्याच्यावर अपील नाही, म्हणून "माझी चूकच नाही" असं ज्याचं म्हणणं आहे त्यानं तिथं सही करायच्या आधी एकदा कुणाला तरी विचारावं.

मोठ्या अपघाताच्या केसेसचा इतिहास तर कोल्हापूरला जास्तच लागू आहे. ट्रिब्युनलच्या निकालावर अपील हायकोर्टात, म्हणजे मुंबईला, साडेतीनशे किलोमीटरच्या वर. चंदगडच्या एखाद्या बाईनं नवऱ्याच्या भरपाईसाठी रात्रीची एसटी पकडून मुंबई गाठायची, तारीख पडायची आणि परत यायचं. सर्किट बेंच पाहिजे म्हणून सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी चाळीस वर्षांवर आंदोलन केलं आणि 18 ऑगस्ट 2025पासून सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत हायकोर्टाचं बेंच बसायला लागलं. आता कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांची अपिलं इथंच. भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायची अट, हीसुद्धा 2019च्याच दुरुस्तीतली, आणि हे माहीत नसल्यानं अडकलेली माणसं मी स्वतः बघितलीत.

दंड संहितेची ती जुनी दोन कलमंही 1 जुलै 2024ला गेली. भारतीय न्याय संहितेत बेदरकार चालवणं 281 आणि निष्काळजीपणाचा मृत्यू 106, शिक्षा दोन वर्षांवरून पाच. अपघात करून न कळवता पळालं तर दहा वर्षं, हे जे पोटकलम होतं त्यावरून जानेवारी 2024ला ट्रकवाल्यांनी संप केला, राज्यभर पंपांवर रांगा लागल्या, आणि बाकी कायदा लागू करताना सरकारनं तेवढं पोटकलम बाजूला ठेवलं.

मामेभावाचं काय झालं ते राहिलंच. कायदा सांगतो की त्याच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं. यानं कळवलं नव्हतं. आणि 2018च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की अपघाताच्या भरपाईसाठी ज्याचं नाव आरसीवर तोच मालक, गाडी पुढं चार जणांच्या हातात का गेली असेना. म्हणजे सिग्नलचं चलन ही त्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट होती. ज्याला विकली तो इचलकरंजीचा, त्यानं तिसऱ्याला दिलेली, तिसरा पुण्यात. तिघांना एका रविवारी कावळा नाक्याजवळ मिसळीला बसवलं, फॉर्म भरले, आणि चलन मात्र शेवटी मामेभावानंच भरलं.