शून्य आणि मौन

मुंबई हायचे तेल आणि वायू समुद्रतळावरच्या पाइपलाइनमधून उरणच्या किनाऱ्याला लागतात, तर नागोठण्याला वायूपासून इथिलीन आणि त्यापासून पुढे प्लास्टिकचे दाणे तयार होतात. अशा कारखान्यांत पाइपच्या पोटात काय चालले आहे हे कोणालाही डोळ्यांनी दिसत नाही. दाब, तापमान, प्रवाह आणि पातळी मोजणारी उपकरणे सांगतील तेवढेच कंट्रोल रूमला कळते. म्हणूनच उपकरण किती अचूक आहे यापेक्षा, बिघडल्यावर ते तसे कबूल करते की नाही, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

ट्रान्समीटर, म्हणजे मोजलेला आकडा कंट्रोल रूमकडे पाठवणारे उपकरण, आपले मोजमाप 4 ते 20 मिलिअँपिअरच्या विद्युतप्रवाहाने कळवते. मापनाची खालची मर्यादा म्हणजे 4, वरची म्हणजे 20. सुरुवात शून्यापासून का नाही? कारण तार तुटली तरी प्रवाह शून्यच होतो, आणि मग ‘दाब नाही’ व ‘मला काहीच सांगता येत नाही’ या दोन गोष्टींत फरक उरत नाही. आतला बिघाड ओळखणारी उपकरणे तर आपला प्रवाह मुद्दाम 3.6 च्या खाली किंवा 21 च्या वर नेतात.

मर्यादेतल्याच आकड्यावर अडकून बसलेले उपकरण मात्र सहज पकडता येत नाही. इंग्लंडमधल्या बन्सफील्डच्या डेपोत 11 डिसेंबर 2005 च्या पहाटे टाकीतल्या पेट्रोलची पातळी दाखवणारा गेज अडकला आणि भरणा चालूच राहिला. पातळी फार वर गेल्यास भरणा थांबवणारा स्वतंत्र स्विचही चालला नाही आणि उतू गेलेल्या पेट्रोलच्या वाफेचा स्फोट झाला. म्हणूनच मोक्याच्या जागी तीन ट्रान्समीटर बसवून त्यांतल्या दोघांचे मत ग्राह्य धरण्याची पद्धत आहे.

शिवाय उपकरणाने स्वतः आग लावता कामा नये. हायड्रोजन पेटायला सुमारे 0.02 मिलिज्यूल इतकी ठिणगी पुरते. त्यामुळे एकतर उपकरणाला मिळणारी वीजच बॅरिअर नावाच्या घटकाने मर्यादित ठेवतात, नाहीतर त्याला अशा जाड धातूच्या पेटीत ठेवतात की आत स्फोट झालाच, तरी सांध्याच्या अरुंद फटीतून बाहेर पडेपर्यंत ज्वाळा थंड होऊन विझते.

कोकणात याला खाऱ्या हवेची भर पडते. क्लोराइडमुळे साध्या स्टेनलेस स्टीललाही टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात, म्हणून मॉलिब्डेनम असलेले 316 जातीचे स्टील घेतात आणि जिथे तेही टिकत नाही तिथे मोनेलसारखे महाग मिश्रधातू. पावसासाठी करायचा उपाय मात्र फुकटचा आहे: केबल पेटीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकते. तो दिला नाही तर पाणी केबलवरून ओघळत ग्लँडपर्यंत, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथल्या सांध्यापर्यंत, जाते, आणि ग्लँड ढिला असेल तर थेट आत शिरते. तारा जोडलेल्या टर्मिनलवर ओलसर हिरवट थर धरतो, त्यातून थोडा प्रवाह झिरपतो आणि 4 चे 4.3 होऊ शकतात. हा आकडा मर्यादेतलाच असल्यामुळे कोणताही अलार्म वाजत नाही.