ओटीपीसाठी मुलाला फोन लावण्याआधी एवढं वाचा

आमच्या दुकानात झेरॉक्स, ऑनलाईन अर्ज आणि आधारच्या कामांसाठी येणाऱ्या सर्व ग्राहकांसाठी, खानापूर (जि. बेळगाव, कर्नाटक)

उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डात नाव घालणं, गृहलक्ष्मीचा (घरातल्या बाईला महिन्याला दोन हजार देणारी कर्नाटक सरकारची योजना) अडकलेला हप्ता, पॅन, ई-आधार यांतल्या बहुतेक कामांना ओटीपी लागतो, हे नेहमीच्या ग्राहकांना नव्यानं सांगायला नको. तरी रोज निदान चार-पाच जण आधारकार्ड तेवढं घेऊन येतात आणि त्याला जोडलेला मोबाईल असतो पुण्यात नाहीतर मडगावात, मुलाच्या खिशात. मग फोन लावायचा. मुलगा ड्यूटीवर, कंपनीत मोबाईल आत नेऊ देत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन येतो तोवर ओटीपीची दहा मिनिटं संपलेली असतात. पुन्हा मागवायचा. मागे रांग वाढत जाते. शेवटी तो एकदाचा सहा आकडे सांगतो आणि मावशी ते अख्ख्या दुकानाला ऐकू जातील अशा आवाजात आम्हाला सांगतात.

असा फोनवरून आलेला ओटीपी आम्ही आता घेत नाही. काही जण रागावले. "दुसरीकडं घेतात की, तुम्हालाच काय झालं?" असं तोंडावर विचारून गेले. त्यांचा राग आम्हाला समजतो. जांबोटी-कणकुंबीकडून बस बदलत आलेल्या माणसाला परत पाठवणं आम्हालाही बरं वाटत नाही. पण कारण ऐका.

ओटीपी म्हणजे तुमची सही. अर्ज इथं आमच्या पडद्यावर उघडलेला असतो, तो मुलाला दिसत नाही. मेसेज मुलाच्या मोबाईलवर असतो, तो तुम्हाला दिसत नाही. म्हणजे कागद बघणारा एक आणि सही करणारा दुसरा. घरच्या जमिनीचा व्यवहार असा कुणी करेल का? त्याहून वाईट म्हणजे सवय लागते. "आईचा फोन आला की आकडे सांगायचे" हे मुलाच्या अंगवळणी पडतं आणि "कुणीतरी मागितले की आकडे द्यायचे" हे आईच्या. मग एक दिवस अनोळखी माणूस फोन करतो, गृहलक्ष्मीचे दोन हजार अडकलेत म्हणतो, आणि तेच सहा आकडे मागतो.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. सरकारी मेसेज येतात कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. वयस्कर माणसांना दोन्ही वाचता येत नाहीत, म्हणून मोबाईलच समोरच्याच्या हातात देण्याची रीत पडली आहे. आणि कचेरीत, बँकेत मराठी कानावर पडायची मारामार असल्यामुळे फोनवर कुणी "काकू, कशा आहात?" असं आपुलकीनं मराठीत बोललं की माणूस विरघळतो. ठकवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. फोनवरचा माणूस मराठी बोलतो, एवढ्यावरून तो आपला ठरत नाही.

म्हणून आमची पद्धत अशी. मेसेज आला की मोबाईल तुमच्याच हातात ठेवून आम्ही तो मराठीत वाचून दाखवतो. आधारच्या मेसेजमध्ये आधार क्रमांकाचे शेवटचे आकडे असतात. एकाच मोबाईलवर घरातल्या पाच जणांचं आधार असेल तर हा ओटीपी कुणाचा, ते त्यावरून कळतं. बँकेच्या मेसेजमध्ये किती रक्कम कुणाला जाणार, ते असतं. हे ऐकून झाल्यावर आकडे तुम्ही स्वतः दाबायचे. आकडे तर सगळ्यांनाच वाचता येतात. यात दोन मिनिटं जास्त जातात, आणि ती आम्ही आनंदानं देतो.

आता उपाय. आधारचा मोबाईल नंबर बदलायला जुना नंबर लागत नाही आणि मुलगाही लागत नाही. आधार केंद्रात किंवा ही सोय असलेल्या पोस्टात स्वतः जायचं, बोटांचा ठसा द्यायचा आणि नवा नंबर सांगायचा. त्याला कागदपत्रही लागत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून फी ७५ रुपये झाली आहे. जास्त कुणी मागितले तर पावती मागा. हे काम आमच्याकडे होत नाही, त्यामुळे यात आमचा काही फायदा नाही. स्मार्टफोनच पाहिजे असंही नाही, साध्या बटणांच्या फोनवर ओटीपी येतो. घरातल्या बाईच्या नावावर हप्ता येत असेल तर नंबरही तिचा, आणि फोन तिच्या हातात असावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र जपा. सिमला रिचार्ज मारत राहा. बंद पडलेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्या माणसाला देऊ शकते. मागच्या पावसाळ्यात नंदगडकडच्या एका मावशींचा ओटीपी असाच कुठं जातोय ते कळेना. जुन्या नंबरवर फोन लावला तर उचलणारा सोलापूरचा, आमच्याशी नीट बोलला, "मला सारखे मेसेज येतात" म्हणाला. माणूस भला होता म्हणून बरं. मावशींचं बँकखातंही त्याच नंबरला जोडलेलं होतं. आधारचा नंबर बदलला म्हणून बँकेतला आपोआप बदलत नाही, तिथं वेगळा अर्ज द्यावा लागतो.

दुसरा नेहमीचा प्रश्न: "मागच्या वेळचं आधार तुमच्याकडं असेलच की, काढा त्यातून." नसतं. व्हॉट्सअॅपवर पाठवलेले तुमचे कागद आम्ही दुकान बंद करताना पुसतो, बिघडलेली झेरॉक्स फाडून टाकतो. यात तुमची गैरसोय होते हे खरं. पण शेकडो घरांचं आधार, पॅन आणि पासबुक ज्या कॉम्प्युटरवर साठलेलं आहे, तो कधीतरी दुरुस्तीला जातो, कधीतरी विकला जातो. आणि ई-आधारच्या फाईलला पासवर्ड आहे यावर विसंबू नका. इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, एवढाच तो असतो. गावातल्या कुणालाही तो जुळवता येईल. दुसऱ्या कुठल्या दुकानात ई-आधार काढलंत तर डाऊनलोडमधली फाईल तुमच्यासमोर पुसून घ्या, संकोच करू नका.

लॉजला किंवा भाड्याच्या खोलीला ओळख म्हणून कागद द्यायचा असेल तर मास्क्ड आधार मागा. त्यात बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात. सरकारी योजनेला पूर्ण नंबर लागतो, तिथं हे चालणार नाही. पूर्ण झेरॉक्स देणं भाग असेल तर तिच्यावर आडवं लिहा, कुणासाठी, कशासाठी आणि तारीख. पेन काउंटरवर दोरीला बांधलेलं आहे. आधारचं पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचं कार्ड आम्ही दुकानात छापत नाही. बाजारात छापलेल्या कार्डात सुरक्षेच्या खुणा नसतात, म्हणून आधार प्राधिकरणानं २०२२ मध्येच ती नको म्हटलं आहे. त्यांच्याकडून मागवून देतो, ते स्पीड पोस्टानं घरी येतं.

अंगठ्याबद्दल. अंगठा लावून पैसे काढताना ओटीपी लागतच नाही. २०२३ मध्ये कर्नाटकात नोंदणीच्या खरेदीखतांवरचे ठसे उचलून खात्यांतून पैसे काढल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. त्यावर बायोमेट्रिक लॉक, म्हणजे आधारमधले आपले ठसे कुलूपबंद करणं, हा चांगला बंदोबस्त आहे. जोडलेला मोबाईल सोबत असेल तर तो आम्ही पाच मिनिटांत, कुठल्याही दुसऱ्या कामासोबत फुकट लावून देतो. पण लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा उठणार नाही. रेशनला जाण्याआधी तो थोड्या वेळापुरता उघडायचा असतो. हे न सांगता लॉक लावून दिलं तर रेशनवाल्याशी भांडण ठरलेलं, म्हणून आम्ही उघडायलाही शिकवतो. आणि पैसे काढताना "अंगठा उठला नाही, परत लावा" असं सांगितलं तर आधी त्या फसलेल्या व्यवहाराची पावती मागा, मगच दुसऱ्यांदा बोट ठेवा.

तुमच्या नावावर किती सिम आहेत हे सरकारच्या संचार साथी या वेबसाईटवर दिसतं. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ चालतात. तुमचं नसलेलं एखादं दिसलं तर तिथंच कळवता येतं. तेही आम्ही बघून देतो.

ओटीपी जाऊन पैसे गेलेच असतील तर आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नका. तिथूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन करा, मग बँकेला. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे: ग्राहकानं स्वतः ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन पोलीस ठाणं आहे. तिथं द्यायचा तक्रारअर्ज मराठीत सांगा, आम्ही कन्नडमध्ये टाईप करून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.

गणपतीला पुण्या-गोव्याची मुलं गावी येतात. जोडलेले मोबाईल तेवढ्याच दिवसांत घरात असतात, तेव्हा लॉक लावणं, सिम तपासणं, बँकेतला नंबर बघणं ही कामं एकत्र उरका. त्या दिवसांत आम्ही रात्री आरतीनंतरही दुकान उघडं ठेवतो. आईला सोबत आणा, आकडे तिला दाबू द्या.