बेभरवशाच्या मिडफिल्डरचं गणित

फुटबॉलच्या एखाद्या सामन्यात तो चाळीस मीटरवरून चेंडू नेमका सहकाऱ्याच्या पायात टाकतो, दोघांना चकवून पुढे निघून जातो. पुढच्या तीन सामन्यांत मात्र तो मैदानावर आहे की नाही, अशी शंका यावी. असा मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, बहुतेक संघांत सापडतो आणि त्याच्याबद्दलचा प्रश्नही ठरलेला असतो: याच्या गुणांचं चीज कधी होणार?

हा प्रश्न विचारताना त्याचा सर्वोत्तम सामना हीच त्याची खरी पातळी, असं आपण धरून चालतो. माझ्या मते सगळा घोळ तिथेच सुरू होतो.

ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली २०५ जोडप्यांच्या आणि त्यांच्या ९२८ मुलांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फार उंच आईवडिलांची मुलं उंच होती, पण सरासरी पाहता आईवडिलांइतकी नव्हती. ती सर्वसाधारण उंचीकडे सरकलेली होती. जिथे जिथे निकालात थोडा योगायोग मिसळलेला असतो, तिथे हे घडतंच. अफलातून सामन्यात कौशल्य असतं, तसंच पुढच्या फळीतल्या स्ट्रायकरचं वेळेवर धावणं आणि बचावपटूचं घसरणंही असतं. कौशल्य पुढच्या सामन्यात सोबत येतं, बचावपटूचं घसरणं येत नाही.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांना हेच इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांमध्ये दिसलं होतं. उत्तम कसरतीनंतर शाबासकी दिली की पुढची कसरत बिघडते आणि खराब कसरतीनंतर ओरडलं की सुधारते, असा एका प्रशिक्षकाचा ठाम अनुभव होता. प्रत्यक्षात दोन्ही वेळा कामगिरी आपल्या सरासरीकडे परतत होती. फुटबॉलमध्येही वाईट सामन्यानंतर बाकावर बसवलेला पोरगा परत आल्यावर बरा खेळतो आणि श्रेय बाकाला मिळतं. कितीतरी तरुण खेळाडूंचा आत्मविश्वास या गैरसमजापायी खचत असेल, याचं मला खरंच वाईट वाटतं.

योगायोगाचा वाटा किती मोठा असू शकतो, ते आकड्यांतच पाहू. समजा, एका मिडफिल्डरच्या नावावर गोल किंवा असिस्ट (गोल करून देणारा पास) लागण्याची शक्यता दर सामन्याला पाचात एक आहे. ती शक्यता हंगामभर तसूभरही बदलत नाही. तो थकत नाही, बिथरत नाही. तरीही ३८ सामन्यांच्या हंगामात कधी ना कधी सलग दहा सामने कोरडे जाण्याची शक्यता सुमारे ६० टक्के निघते. म्हणजे अगदी सातत्याने खेळणाऱ्यावरही असा दुष्काळ येणं, न येण्यापेक्षा अधिक संभवनीय! त्या दहा सामन्यांत त्याच्याबद्दल काय काय बोललं जाईल, ते सांगायला नको.

म्हणून सगळंच नशिबावर सोडायचं का? मुळीच नाही. फक्त नजर गोल-असिस्टवरून काढून, पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टींवर ठेवायला हवी. नॉर्वेचे संशोधक गेयर योर्डेट यांनी खेळाडूंच्या मानेच्या हालचाली मोजल्या. पास येण्याआधीच्या काही सेकंदांत खेळाडू चेंडूवरची नजर काढून किती वेळा आजूबाजूला पाहतो, हे त्यांनी नोंदवलं. इंग्लंडचा मिडफिल्डर फ्रँक लँपार्डचा असं पाहण्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ वेळा होता. जे जास्त वेळा पाहून घेतात, त्यांचे पासही जास्त प्रमाणात यशस्वी होतात, असं आढळलं. मान वळवायला नशीब लागत नाही. वाईट दिवशीही ती वळते आणि सरावाने ही सवय वाढवताही येते.

खेळाडूला कुठे आणि कुणाबरोबर खेळवलं जातं, यानेही मोठा फरक पडतो. २०१६ साली फ्रान्सचा मिडफिल्डर पॉल पोग्बा तेव्हाची विक्रमी रक्कम मोजून मँचेस्टर युनायटेडमध्ये परतला आणि तिथे त्याच्यावर बेभरवशाचा असा शिक्का बसला. त्याच काळात, २०१८ च्या विश्वचषकात, शेजारी चेंडू हिसकावून घेण्यात पटाईत एन्गोलो कांते असताना तो फ्रान्सच्या मधल्या फळीचा कणा होता. अंतिम सामन्यात त्याने गोलही केला. बेल्जियमच्या केव्हिन डी ब्रॉयनाला चेल्सीत फारशी संधीच मिळाली नाही. जर्मनीतल्या व्होल्फ्सबुर्ग क्लबमध्ये नियमित खेळायला मिळालं आणि पुढे मँचेस्टर सिटीत तो प्रीमियर लीगमधल्या सर्वोत्तम मिडफिल्डरांपैकी एक ठरला.

शरीराचा हिशेब मात्र निष्ठुर आहे. सामन्यात रिकामा झालेला स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे इंधनाचा, साठा पूर्ण भरायला दोन ते तीन दिवस लागू शकतात. आठवड्यात दोन सामने आले की काही पाय अर्ध्या टाकीवर धावतात आणि लोकांना ती वृत्तीतली ढिलाई वाटते. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, एकदा दुखावला की तो पुन्हा दुखावण्याचा धोकाही वाढतो. आर्सेनलच्या जॅक विल्शिअरने २०११ साली, एकोणिसाव्या वर्षी, बार्सिलोनाच्या मधल्या फळीला तोडीस तोड खेळ केला. त्याच्या गुणवत्तेबद्दल कुणालाच शंका नव्हती, पण दुखापतींनी पिच्छा सोडला नाही आणि तिशीतच त्याने निवृत्ती घेतली.

त्यामुळे अशा खेळाडूबद्दल अंदाज बांधायचा झाला, तर मी त्याचा सर्वात फसलेला सामना काढून बघेन आणि चेंडू त्याच्याकडे नसतानाची मिनिटं तपासेन. पास चुकत असतानाही तो मान वळवून पाहतोय, पुन्हा पुन्हा मोकळ्या जागेत येऊन चेंडू मागतोय, वय बावीस-तेवीस आहे आणि पाय शाबूत आहेत, तर मी त्याला आणखी दोन हंगाम बिनधास्त देईन. सत्ताविशीचा, तोच स्नायू तीनदा फाटलेला आणि चेंडू गमावल्यावर जागीच उभा राहणारा असेल, तर त्याचा तो एक अफलातून सामना मी हिशेबात धरणार नाही.