जागेची आठवण मोजायची तर उठून चालावं लागतं

खोलीच्या मधोमध उभं राहून डोळे मिटा आणि दाराकडे बोट दाखवा. बहुतेकांचं बोट फारसं चुकत नाही. आता डोळे मिटलेलेच ठेवून दोन पावलं पुढे जा, एक पाऊल उजवीकडे टाका, अर्धवट वळा आणि पुन्हा दार दाखवा. या खेपेला बोट थोडं भरकटतं. ते किती अंशांनी भरकटलं, हे मोजता आलं तर मेंदूच्या एका फार जुन्या कौशल्याला आकडा लावता येतो. कोणती गोष्ट कुठे आहे आणि तिच्यापासून आपण कुठे आहोत, याची नोंद ठेवण्याचं हे कौशल्य. त्याला अवकाशीय स्मृती म्हणतात.

गंमत अशी, की ही स्मृती तपासायच्या रूढ पद्धतींत माणूस जागचा हलतच नाही. १९७२च्या सुमाराची कोर्सी चाचणी घ्या. एका फळीवर ९ ठोकळे बसवलेले असतात. परीक्षक त्यांतल्या काहींना एका क्रमाने बोट लावतो आणि समोरच्याने तोच क्रम परत करून दाखवायचा. चाचणी स्वस्त आहे, पटकन उरकते, म्हणून आजही वापरात आहे. पण ते सगळे ठोकळे एका नजरेत मावतात. पुढे इटलीतल्या संशोधकांनी हीच चाचणी जमिनीवर मांडली. ठोकळ्यांच्या जागी चौकोन आले आणि बोटाऐवजी पाय. तेव्हा असे रुग्ण सापडले, की ज्यांना टेबलावरची चाचणी जमते पण चालती जमत नाही. काहींचं नेमकं उलटं. म्हणजे हाताच्या अंतरावरची जागा आणि चालून गाठायची जागा, यांचे हिशेब मेंदूत पूर्णपणे एकाच वहीत नसतात.

या वहीचा पत्ता आपल्याला कळला तो उंदरांमुळे. जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्स्की यांनी १९७१ मध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूत खोलवर असलेल्या आणि आठवणींशी जोडलेल्या भागात, अशा चेतापेशी दाखवल्या, की ज्या तो एका ठरावीक जागी आला की सक्रिय होतात. २००५ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाला त्याच्या शेजारच्या एन्टोर्हायनल कॉर्टेक्स या मेंदूच्या भागात जाळीसारख्या षट्कोनी नक्षीत सक्रिय होणाऱ्या पेशी सापडल्या. ओकीफ आणि मोझर दांपत्य यांना २०१४चं नोबेल मिळालं. हे सगळं मोकळं हिंडणाऱ्या प्राण्यांत झालं, हे महत्त्वाचं. माणसाचा मेंदू पाहायचा तर त्याला एमआरआयच्या नळीत आडवं पडावं लागतं, तेही डोकं न हलवता. मग त्याला पडद्यावरचं गाव दाखवायचं, बटणं दाबून त्यात फिरवायचं आणि याला दिशाज्ञानाचा अभ्यास म्हणायचं. दुसरा मार्ग नव्हता, हे खरं.

पडद्यावर फिरताना डोळे सांगतात ‘आपण पुढे चाललो’, पण पाय, सांधे आणि आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगतात ‘आपण इथेच आहोत’. हा विसंवाद किरकोळ नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉस एंजलीस इथे मयंक मेहता यांच्या गटाने उंदरांसाठीच आभासी जग उभं केलं. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं, की खऱ्या मार्गिकेवर जागा ओळखणाऱ्या पेशी जितक्या सापडतात, त्यापेक्षा बऱ्याच कमी आभासी मार्गिकेवर सापडतात. चित्र तेच, धावणारे पाय तेच. फक्त शरीर प्रत्यक्षात पुढे सरकत नव्हतं.

ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे एआर, इथे उपयोगी पडते. यात खरी खोली दिसतच राहते आणि टॅबलेटच्या किंवा चष्म्याच्या पडद्यावर तिच्यात खोट्या वस्तू ठेवल्या जातात. कोलंबिया विद्यापीठातल्या जोशुआ जेकब्ज यांच्या प्रयोगशाळेची ‘खजिना शोध’ ही चाचणी याचं चांगलं उदाहरण आहे. हातात टॅबलेट धरून चालायचं. रिकाम्या जमिनीवर, फक्त पडद्यावर, एक पेटी दिसते. जवळ गेलं की ती उघडते आणि आत एखादी वस्तू असते. अशा काही पेट्या उघडून झाल्या की थोडा वेळ लक्ष दुसरीकडे वळवलं जातं, मग विचारलं जातं : अमुक वस्तू कुठे होती? माणूस त्या जागी जाऊन उभा राहतो आणि खरी जागा किती दूर राहिली, ते अंतर म्हणजे त्याची चूक. तोच खेळ खुर्चीत बसून संगणकावरही घेतला. चालताना लोकांना जागा अधिक नेमक्या आठवल्या. मेंदूत नोंदणी यंत्र बसवलेल्या एका अपस्माराच्या रुग्णात हिप्पोकॅम्पसमधल्या थीटा लहरींचा, म्हणजे तिथल्या एका संथ विद्युत लयीचा, हालचालीबरोबरचा चढउतारही चालताना जास्त ठळक दिसला.

खऱ्या पेट्या आणि खऱ्या वस्तू ठेवूनही हे करता आलं नसतं का? आलं असतं, पण मग प्रत्येक खेपेला कुणीतरी पेट्या हलवायच्या, फीत धरून अंतरं मोजायची आणि माणूस वाटेत कुठे अडखळला, किती वेळा वळून पाहिलं, हे हाताने लिहून ठेवायचं. एआरमध्ये हे सगळं आपोआप नोंदलं जातं. मला यात सर्वांत मोलाचा वाटतो तो चुकीचा मार्ग, नुसता चुकीचा आकडा नव्हे. एक माणूस थेट चुकीच्या जागी जातो, दुसरा बरोबर जागेभोवती घुटमळून दूर निघून जातो. दोघांची चूक दीड मीटर भरली, तरी बिघाड वेगळा असू शकतो.

लहान मुलांवरही हे करून झालं आहे. २०१४ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी शाळकरी वयाच्या आसपासच्या मुलांना खऱ्या खोलीत ठेवलेल्या खोक्यांमध्ये आभासी वस्तू शोधायला लावल्या. कंटाळवाण्या चाचणीत मूल कमी पडलं, तर ते स्मृतीमुळे की कंटाळ्यामुळे, हे सांगता येत नाही. खेळात हा घोळ कमी होतो.

आता या साधनाची खोड. मोबाइल किंवा टॅबलेटला आपण कुठे आहोत हे कसं कळतं? आतले संवेदक प्रत्येक क्षणी वेग आणि वळण मोजून नव्या जागेचा अंदाज बांधतात. प्रत्येक अंदाजात बारीकशी चूक असते आणि ती साठत जाते. म्हणून कॅमेरा भिंतींचे कोपरे, फर्निचरच्या कडा अशा ठळक खुणा ओळखून अंदाज दुरुस्त करतो. मेंदूही साधारण असंच करतो : पावलांचा हिशेब आणि ओळखीच्या खुणांवरून दुरुस्ती. त्यामुळे मापनपट्टीलाच तो आजार, जो आपण माणसात मोजायला निघालो आहोत. कोऱ्या भिंतीच्या, मंद उजेडाच्या खोलीत यंत्र भरकटतं आणि पेटी हळूच सरकते. मग चूक कुणाच्या खात्यात टाकायची? काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगात यंत्राची जागा स्वतंत्र कॅमेऱ्यांनी पडताळतात. घरोघरच्या मोबाइलवर ही सोय नसते. शिवाय पडद्याची चौकट अरुंद असते. टॅबलेटकडे टक लावून चालणारा माणूस खोली पाहतो की फक्त टॅबलेट, हा प्रश्न उरतोच.

एवढी खटपट कशासाठी? अल्झायमरमध्ये एन्टोर्हायनल कॉर्टेक्स फार लवकर, नावं विसरण्याच्या कितीतरी आधी, बाधित होतो. २०१९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी सौम्य स्मृतिदोष असलेल्यांना हेडसेट घालून त्रिकोणाच्या दोन बाजू चालायला लावल्या आणि मूळ जागी परत यायला सांगितलं. मेंदूतल्या द्रवात अल्झायमरची चिन्हं असणाऱ्यांची चूक, ती नसणाऱ्यांपेक्षा मोठी होती आणि कागदी चाचण्यांपेक्षा हा फरक इथे जास्त स्पष्ट दिसला. हेडसेट आभासी जगाचा होता, पण चालणं खरं होतं.

बसून घेतलेल्या चाचण्या टाकाऊ ठरल्या, असं मात्र नाही. २०१६ मध्ये आलेला ‘सी हीरो क्वेस्ट’ हा मोबाइलवरचा दिशाज्ञानाचा खेळ ४० लाखांहून जास्त लोक खेळले. त्यात चांगले गुण मिळवणारे लंडन आणि पॅरिसच्या रस्त्यांवरही वाट चांगली शोधतात, असं पुढे दिसलं. एआरकडे अजून एवढी माहिती नाही. सत्तरीतल्या माणसाची दीड मीटरची चूक वयाला साजेशी की काळजीची, हे सांगायला त्या वयाच्या हजारो निरोगी लोकांना आधी चालवावं लागेल, शक्यतो एकाच प्रकारच्या यंत्रावर आणि एकाच आकाराच्या खोलीत. पाच मीटरच्या खोलीतली चूक वीस मीटरच्या दालनातल्या चुकीशी सरळ ताडून पाहता येत नाही आणि बहुतेक दवाखान्यांकडे वीस मीटरचं रिकामं दालन नसतं.